हे दोन्ही एकच आहेत का

पत्रात तक्रार नव्हती, म्हणून तिनं ते आधी नीट वाचलंच नाही. सकाळचे पावणेदहा झाले होते, डावा हात कोटाच्या बाहीतून अजून पुरता सुटला नव्हता, आणि उजव्या हातानं ती कंपनीच्या सॉफ्टवेअरची माहिती-पानं वाचणाऱ्यांची आलेली पत्रं एकेक करून पुढे सरकवत होती. चौदा वर्षांच्या सवयीनं तक्रार तिला पहिल्या चार शब्दांतच कळायची. हे पत्र सात ओळींचं होतं, एका लहान गावातल्या रुग्णालयातून आलेलं, आणि त्याची शेवटची ओळ अशी होती: ‘आर्म-६४ आणि ए-आर्च-६४ हे दोन्ही एकच आहेत का? असतील तर कृपया कुठेतरी तसं लिहावं.’ तिनं उत्तर टाइप केलं, ‘हो, दोन्ही एकच,’ आणि पाठवून दिलं. बाही सोडवली. कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला. मग उगाचच, गेलेलं पत्र नीट गेलंय ना हे बघताना, तिची नजर मधल्या ओळींवर पडली.

लिहिणारी बाई मुलांचे कान तपासणारी तंत्रज्ञ होती. जुनं यंत्र बंद पडल्यावर तिच्याकडे नवं आलं होतं, एका लहानशा संगणकासकट. त्यावरचा प्रोग्राम चालायला याच कंपनीचं सॉफ्टवेअर लागत होतं. सांगितल्याप्रमाणे तिनं संगणकाला त्याच्या प्रोसेसरचा प्रकार विचारला, तर त्यानं सांगितलं ए-आर्च-६४. कंपनीच्या पानावरच्या तक्त्यात ते नाव नव्हतं. तक्त्यात होतं आर्म-६४. तिनं तक्ता तीनदा वाचला, आपलं यंत्र यात बसत नाही असं समजून त्यावर कापड टाकलं, आणि वर कळवलं. दुसरं यंत्र येईपर्यंत मुलांना मोठ्या शहरात पाठवायचं ठरलं. बसनं चार तास. ‘अकरा आठवड्यांत चाळीस मुलांना पत्ता लिहून दिला,’ तिनं लिहिलं होतं. ‘सगळी गेली असतील असं वाटत नाही.’ एवढंच. कुठे चिडचिड नाही, दोष नाही. आणि आपण उत्तर दिलं होतं अर्ध्या मिनिटात, एक हात बाहीत असताना. तिनं पत्र पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं.

ती जिथे काम करायची ती कंपनी आवाजाच्या लहरींची आकडेमोड करणारी लायब्ररी बनवायची, म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्राममध्ये जोडून घ्यावा असा तयार कोड. यंत्रातला प्रोसेसर ज्या घराण्याचा, त्या घराण्यासाठी बांधलेलीच लायब्ररी त्यावर चालते. आणि घराणं एक असलं तरी नावं अनेक. बनवणाऱ्यांनी एक ठेवलेलं, त्यावर प्रणाली लिहिणाऱ्यांनी दुसरं, विकणाऱ्यांनी तोंडात बसेल असं तिसरं. कंपनीतले इंजिनीअर ज्यानं-त्यानं पहिल्या नोकरीत जे ऐकलं तेच आयुष्यभर लिहीत आले होते. ही लायब्ररी कशी वापरावी हे सांगणारी सातशे पानं तिच्या हाताखालून गेली होती. वाक्यं तिनं घासूनपुसून सरळ केली होती, स्वल्पविरामांवरून भांडली होती. नावांकडे तिनं कानाडोळा केला होता, कारण नावं इंजिनीअरांची असतात असं तिनं पहिल्याच वर्षी धरून टाकलं होतं. आता तिनं संगणकावर सगळ्या पानांत नावं शोधली. एका घराण्याची चार नावं, दुसऱ्याची पाच. एक हजार आठशे सेहेचाळीस जागा. एका पानावर तर वरच्या परिच्छेदात एक नाव, खालच्यात दुसरं, आणि मधल्या चित्रात तिसरंच. त्या पानाच्या तळाशी, शेवटचं कुणी तपासलं तिथे, तिचंच पद लिहिलेलं होतं. ती ते पान बघत राहिली.

ज्यांना सगळे वस्ताद म्हणायचे ते मुख्य इंजिनीअर खिडकीपाशी बसायचे. लायब्ररीचा गाभा त्यांनी लिहिलेला होता, आणि वयाची साठी जवळ आली तरी त्यांचा कोड वाचताना नव्यांच्या नाकी नऊ यायचे. तिनं त्यांना पत्र दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ते वाचलं, वाईट झालं म्हणाले, आणि मग म्हणाले की हे दोन्ही एकच हे तर सगळ्यांना माहीत असतं. सगळ्यांना म्हणजे कुणाला, असं तिनं विचारलं. ते हसले. त्यांच्या बहिणीला घरात ठमी म्हणतात आणि बँकेत काहीतरी भलतंच, पण म्हणून कुणी तिला दोन बायका समजत नाही, असं काहीसं बोलले. शेजारचे दोघेतिघे हसले. तीही हसली, आणि जागेवर येईपर्यंत तिला त्या हसण्याची लाज वाटायला लागली होती.

मॅडम, म्हणजे विभागप्रमुख, तिच्याहून आठ वर्षांनी लहान, हुशार आणि कायम घाईत. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. नवी आवृत्ती नऊ दिवसांवर आली होती. आत्ता पानांना हात लावणं म्हणजे आगीशी खेळ. नंतर बघू, त्या म्हणाल्या, आणि अगदी मनापासून म्हणाल्या. ‘नंतर’ची यादी त्यांच्या मागच्या फळ्यावरच होती. तिच्यातलं सर्वांत जुनं काम चार वर्षांपूर्वीचं होतं आणि त्याची शाई इतकी फिकी झाली होती की ते काय होतं हे आता कुणालाच वाचता आलं नसतं.

संध्याकाळी घरी चालत जाताना तिच्या डोक्यात दोन शब्द चालत होते, पावलागणिक एक. आर्म, ए-आर्च, आर्म, ए-आर्च. रस्त्यावर दुकानांचे दिवे लागत होते. औषधांच्या दुकानासमोर तिची पावलं नेहमीसारखी जरा भराभर पडली. हे तिच्या कधी लक्षात आलं नव्हतं असं नाही, पण आज ती थांबली. काचेमागे डब्या मांडलेल्या होत्या, निळ्या, पांढऱ्या, हिरव्या पट्ट्यांच्या, आणि प्रत्येकीवर ठळक अक्षरात एक नाव. आत कोण उभं आहे हे न बघता ती त्या नावांकडे बघत राहिली, आणि एकोणीस वर्षांची ती पुन्हा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. हातात लाल पेन्सिल, पुढ्यात चौकोन आखलेला कागद. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या. एक डबी कारखान्याच्या डॉक्टरांनी दिलेली, दुसरी मोठ्या रुग्णालयातून आलेली. बाबांना बारीक अक्षर दिसायचं नाही. ती नाव मोठ्यानं वाचायची, बाबा गोळी घ्यायचे, ती चौकोनात खूण करायची. सकाळची एक, सकाळचीच दुसरी. बारा दिवस. तेराव्या दिवशी बाबा न्हाणीघरात उभ्या उभ्या कोसळले. खुब्याचं हाड मोडलं, आणि पुढची अकरा वर्षं काठीशिवाय एक पाऊल टाकता आलं नाही. रुग्णालयातल्या औषधवाल्यानं दोन्ही डब्या उलट्या करून मागचं बारीक अक्षर वाचलं आणि म्हणाला, दोन्ही एकच की हो, दोन कंपन्यांची दोन नावं, कुणी सांगितलं नाही का? त्याच्या आवाजात नवल होतं, दुसरं काही नव्हतं. घरी कुणी तिला बोललं नाही. बाबाच पलंगावरून म्हणाले होते, “तू वाचलंस ते बरोबरच वाचलंस.” त्यांनी समजूत घालायला म्हटलं होतं. सत्तावीस वर्षं ते वाक्य तिच्या आत एखाद्या न विरघळणाऱ्या गोळीसारखं पडून होतं. बरोबर वाचलं होतं. अक्षर न् अक्षर बरोबर.

दुसऱ्या दिवशी तिनं कुणाला न विचारता काम सुरू केलं. प्रत्येक घराण्याला एकच नाव ठरवायचं, ते सगळीकडे तेच ठेवायचं, आणि एका पानावर ठळकपणे सांगायचं की याला बाहेर आणखी काय काय म्हणतात. रात्री झोपण्याआधी तिनं मनाशी ठरवलेलं सकाळीही तसंच राहिलं होतं, याचंच तिला नवल वाटलं. पण एक हजार आठशे सेहेचाळीस हा आकडा अंगावर येत होता. दुपारपर्यंत तिनं पन्नास जागा हातानं केल्या, मग मान अवघडली, आणि मग तिनं ते केलं जे आपल्या हाताखालच्या कुणाला कधीच करू दिलं नसतं. एका विभागातली सगळी जुनी नावं तिनं एका झटक्यात बदलून टाकली. जुनं नाव शोध, नवं नाव घाल, सगळीकडे. एकशे बारा जागा, क्षणात. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. ती खाली जाऊन फळ घेऊन आली, आणि परत आली तेव्हा वस्ताद तिच्या खुर्चीशी उभे होते.

वाक्यातलं नाव बदललं की वाक्य सुधारतं. पण काही नावं वाक्यात नव्हती, आज्ञेत होती. वाचकानं जशीच्या तशी उतरवून संगणकाला द्यायच्या ओळीत. तिथलं नाव म्हणजे प्रत्यक्ष फाइलचं नाव. ते बदललं की संगणक त्या नावाची फाइल शोधतो आणि ती नसतेच. पान चाळीस मिनिटं लोकांसमोर होतं. त्या वेळात सतरा जणांनी ती आज्ञा चालवून बघितली होती आणि सतराही जणांना ‘सापडत नाही’ हे उत्तर मिळालं होतं. वस्तादांनी हे सगळं खालच्या आवाजात सांगितलं, आणि जाताना, आवाज न चढवताच, म्हणाले की म्हणूनच असल्या गोष्टींना हात लावू नये. तिनं पान पूर्ववत केलं. मॅडमना स्वतः जाऊन सांगितलं. पानाच्या माथ्यावर दिवसभरासाठी सूचना लिहिली की अमुक ते अमुक वेळेत इथली आज्ञा चुकीची होती, आणि ती चूक लेखनाची होती. कुणी अशी सूचना लिहीत नसे. तिनं ती लिहिली. त्या सतरा जणांत एखादी कापड टाकून बसलेली बाई असेल का, हा विचार तिला दिवसभर सोडून गेला नाही.

आई तिच्याकडेच राहायची. चौऱ्याहत्तर वर्षांची, कानांनी तिखट, बोलायला कमी. त्या संध्याकाळी जेवताना तिनं आईला सगळं सांगितलं: पत्र, चाळीस मुलं, आपली चूक. प्रोसेसर म्हणजे काय हे सांगायच्या फंदात ती पडली नाही. एकाच वस्तूला दोन नावं, एवढंच सांगितलं. आई बराच वेळ ताटात बोट फिरवत बसली. त्यांच्या घरात ती जुनी गोष्ट कधी निघत नसे. बाबा गेल्यावरही निघाली नव्हती. एखादी खोली कुलूप न लावता बंद राहावी तशी ती बंद होती.

“त्या गोळ्या मी बघितल्या होत्या,” आई म्हणाली. “दोन्ही सारख्याच. तोच फिका रंग, मधे तीच रेघ. हातात घेतल्यावर मला वाटलं होतं, या एकच असाव्यात.”

तिचा घास हातातच राहिला. “मग बोलली का नाहीस, आई?”

“कागदावर वेगळं लिहिलेलं होतं ना. तू मोठ्यानं वाचायचीस, दोन वेगळी नावं. मला वाटलं, लिहिणाऱ्याला कळत असेल, वाचणारीला कळत असेल. मला काय कळतंय.” आईनं पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. “विचारायची लाज वाटली गं. बारा दिवस रोज वाटायचं, विचारावं.”

एवढी वर्षं तिनं टेबलाशी स्वतःला एकटीलाच बसवलं होतं, लाल पेन्सिल घेऊन. आणि ओट्याशी पाठमोरी उभी असलेली आई तिला कधी दिसलीच नव्हती. आई तेव्हा जवळजवळ आजच्या तिच्याएवढीच होती, सत्तेचाळीसची. हातात गोळी, जिभेवर प्रश्न, आणि समोर छापील अक्षर. तिनं आईच्या मनगटावर हात ठेवला. मनगट बारीक आणि ऊबदार होतं. आईनं तो हात झटकला नाही, पण जेव म्हणाली, गार होतंय.

सकाळी ती मॅडमच्या दाराशी उभी राहिली तेव्हा तिच्याजवळ नवा मुद्दा असा काहीच नव्हता, तरी आवाज निराळा निघाला. कालची चूक माझी होती आणि ती परत होणार नाही, कारण यापुढे प्रत्येक जागा मी डोळ्यांनी वाचून बदलणार आहे, असं ती म्हणाली. मॅडमनी फळ्याकडे बघितलं. हे एका पत्रावरून, असं त्या म्हणाल्या. चौदा वर्षांत एक पत्र.

“एक विचारणारी आली,” ती म्हणाली. “न विचारता कापड टाकून बसलेल्या किती, हे आपल्याला कळायला मार्ग नाही. त्यांना वाटतं आपल्यालाच कळत नाही. आणि आपण इथे म्हणतो, सगळ्यांना माहीत असतं.”

मॅडमनी विचारलं की नऊ दिवसांत, म्हणजे आता सात, कमीत कमी काय होऊ शकतं. तिनं सांगितलं: मुख्य तक्ता आणि नावांचं एक पान. बाकीचं आवृत्ती निघाल्यावर, रोज थोडं. मात्र तक्ता वस्तादांनी तपासून दिला पाहिजे, अशी मॅडमनी अट घातली. तिला ती हवीच होती.

वस्तादांनी पहिल्या दिवशी वेळ नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी ती तक्त्याचा छापील कागद घेऊन त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि उठली नाही. त्यांनी दोनदा घसा खाकरला, मग कागद पुढ्यात घेतला. पहिल्या तीन ओळींवर त्यांनी बरोबरच्या खुणा केल्या. चौथीवर त्यांची पेन्सिल थांबली. तिनं तिथे दोन नावं एकाखाली एक घातली होती, एकच समजून. ती एक नव्हती. एक चौसष्ट बिटांचं, दुसरं जुनं, बत्तीस बिटांचं. नावात जेमतेम एका आकड्याचा फरक. एकत्र लिहिली असती तर जुनी यंत्रं वापरणाऱ्यांनी चुकीची फाइल उतरवून घेतली असती. म्हणजे उलटंही होऊ शकतं. वेगळ्याला एक म्हणणंही तितकंच सोपं. वस्तादांनी मात्र या वेळी टोमणा मारला नाही. ते त्या ओळीकडे बघत म्हणाले की हा फरक आपणही कुठे लिहिलेला नाही, आपल्याही डोक्यातच आहे. मग त्यांनी चष्मा खाली ओढला आणि पाचवी ओळ काढली. दुपारचे तीन वाजले तरी दोघं तिथेच होते. मधेच त्यांनी स्वतःच्याच जुन्या कोडमध्ये एका घराण्याचं नाव दोन प्रकारे लिहिलेलं शोधून काढलं आणि ते कुणी लिहिलं म्हणून करवादले. नोंद उघडून बघितली तर त्यांनीच, एकाच आठवड्यात.

नवी आवृत्ती ठरल्या दिवशी निघाली, तक्त्यासकट, नावांच्या पानासकट. त्या पानावर चार वाक्यं आणि नऊ ओळी होत्या. तिनं आजवर लिहिलेल्या पानांत ते सर्वांत लहान, आणि त्यातला एकही शब्द छान नव्हता. टाळ्या वाजल्या त्या वेगासाठी. नव्या आवृत्तीत आकडेमोड दीडपट जलद झाली होती. तीही वाजवत होती. मग जागेवर येऊन तिनं उरलेल्या जागांची यादी उघडली. एक हजार सातशेच्या वर. रोज सकाळी दहा ते बारा ती तेच करायची. डोळ्यांत तेल घालून वाक्य वाचायचं, हे नाव वाक्यातलं आहे की आज्ञेतलं ते ओळखायचं, वाक्यातलं असेल तर बदलायचं, आज्ञेतलं असेल तर तसंच ठेवून शेजारी एक ओळ लिहायची. कधीकधी तेच ते नाव इतक्यांदा डोळ्यांखालून जायचं की अक्षरं सुटी व्हायची, नुसत्या काड्या आणि वळणं उरायची, आणि जगातल्या कुठल्याच वस्तूला कुठलंच नाव का असावं असं वाटून तिला गरगरायला लागायचं. अशा वेळी ती उठून खिडकीशी जायची. खाली माणसं येत-जात असायची, दुरून सगळी सारखी. मग परत येऊन पुढची ओळ. कंटाळा यायचा, चुका व्हायच्या, पण आता त्या लोकांसमोर जाण्याआधी वस्तादांकडे जायच्या. सात आठवडे लागले. शेवटची जागा एका तळटिपेत होती, जी बहुधा कुणीच कधी वाचली नसावी. ती तिनं दोनदा वाचली.

शेवट झाला त्या दिवशी तिला वाटलं होतं आत काहीतरी मोकळं होईल. तसं काही झालं नाही. चाळीस मुलांपैकी किती त्या बसमध्ये बसली, हे तिला कधीच कळणार नव्हतं, आणि बाबांची काठी अजून घरात दाराआड होती. फक्त एवढं झालं होतं की संध्याकाळी आई कधीकधी आपणहून बाबांबद्दल काही बोलायची. ते कसे चिडायचे, कसे घोरायचे. आणि ती ऐकायची.

पुढच्या महिन्यात एका सकाळी वस्ताद तिच्या टेबलाशी आले. ते कुणाच्या टेबलाशी जात नसत; लोक त्यांच्याकडे जायचे. त्यांच्या हातात कागद होता. एका नव्याच घराण्याचे प्रोसेसर बाजारात येत होते आणि लायब्ररी त्यावर चालवायचं काम सुरू करायचं होतं. अजून एक ओळही लिहिलेली नाही, ते म्हणाले. नुसतं उभं राहून ते कागदाची कड दुमडत राहिले. ते कशासाठी आलेत हे तिच्या ध्यानात आलं, पण तिनं त्यांना बोलू दिलं.

“बाई,” ते म्हणाले, “याला काय म्हणायचं, ते आधी ठरवू या का?”

तिनं शेजारच्या खुर्चीवरच्या फाइली उचलून खाली जमिनीवर ठेवल्या आणि खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.